मिरवण्यासाठी मारलेले जनावर
(प्रस्तावना)

पोटासाठी जनावर मारावे लागते, पिकासाठी मारावे लागते, कधी जीव वाचवण्यासाठी मारावे लागते. या तिन्हींची कारणे सांगावी लागत नाहीत. चौथ्या प्रकारात मात्र कारण विचारावेच लागते. माणूस दूरवर जातो, पैसा ओततो, कळपातले सगळ्यांत मोठे, देखणे जनावर निवडतो, ते मारतो आणि त्याचे मुंडके, शिंगे किंवा कातडे घरी आणून भिंतीवर लावतो. मांस त्याला नको असते. त्या जनावराने त्याचे काही बिघडवलेलेही नसते. इंग्रजीतून आलेला ‘ट्रॉफी’ हा शब्द आता आपल्याकडे रुळला आहे. मी या प्रकाराला मिरवण्याची शिकार म्हणतो. ती माणूस का करतो, आणि ती करावी की नाही, हे दोन प्रश्न या पुस्तकाचा विषय आहेत. ते दोन्ही एकाच वेळी विचारले पाहिजेत. पहिला टाळून दुसऱ्याचे उत्तर देणारा शिकाऱ्याला केवळ राक्षस ठरवून मोकळा होतो. पहिल्यात रमून दुसरा विसरणारा शिकारकथांच्या थरारात वाहून जातो.

परांडा तालुक्यातल्या सोनारीत बसून या विषयावर लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. इथे डोंगर नाही, दाट रान नाही. भैरवनाथाचे देऊळ आहे, त्याच्याभोवती वावरणारी माकडे आहेत, साखर कारखाना आहे, ऊस आहे, ज्वारी आहे. पण जनावरांशी माणसाने कसे वागावे हा प्रश्न इथे पिढ्यान्‌पिढ्या रोजचा आहे. भैरवनाथाची माकडे कौलावर नाचतात, हातातला प्रसाद हिसकावतात, भाजीपाल्याची नासाडी करतात. त्यांना हुसकावतात, शिव्या देतात, आणि पुन्हा त्यांच्यापुढे शेंगदाणे टाकतात. आमच्याच जिल्ह्यातल्या उपळा गावात तर ३२ एकर जमीन माकडांच्या नावावर नोंदलेली आहे. आपले नुकसान करणाऱ्या प्राण्यालाही गावात वाटा द्यायचा, हा संस्कार कोणत्याही वन्यजीव कायद्याहून जुना आहे.

दुसरे कारण अलीकडचे आहे. डिसेंबर २०२० मध्ये शेजारच्या करमाळा तालुक्यात एका बिबट्याने आठवडाभरात तीन माणसे मारली. त्याआधी बीड जिल्ह्यातल्या आष्टी भागातही माणसे गेली होती. १८ डिसेंबरला वांगी शिवारातल्या केळीच्या बागेत त्याला गोळी घालण्यात आली. डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्यात पट्टेरी वाघ दिसला. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून चारशे किलोमीटरहून अधिक चालत आला होता. येडशीचे अभयारण्य अवघे बावीस चौरस किलोमीटरचे. ते वाघाला कसे पुरणार? येडशी, बार्शी या पट्ट्यात त्याने गुरे मारली. त्याला पकडून सह्याद्रीत नेण्यासाठी ताडोबाहून पथके आली, आणि महिनोन्‌महिने तो त्यांना चकवत राहिला. ज्या मुलखात वाघ ही आजोबांच्या गोष्टीतली वस्तू झाली होती, तिथे तो पुन्हा शेताच्या बांधावर उभा राहिला. त्यामुळे शिकारीचा प्रश्न आता धाराशिव जिल्ह्याच्या दारात आला आहे.

आधी हेतूंकडे वळू. जुन्या राजेरजवाड्यांच्या शिकारीमागे सत्तेची भाषा होती. जिंकल्याची खूण घरी आणायची, ती दहा जणांना दिसेल अशी मांडायची, ही वृत्ती रणांगणातूनच रानात गेली. परांड्याच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. अहमदनगरला १५४९ मध्ये ओतलेली मुलूखमैदान तोफ परांड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२ मध्ये ती विजापूरला नेली गेली आणि तिथल्या बुरुजावर आजही आहे. तिचे तोंड जबडा पसरलेल्या सिंहाचे आहे आणि त्या जबड्यात हत्ती चिरडला जातो आहे. जिंकलेली तोफ, आणि तिच्यावर जिंकणारे जनावर. विजयाची खूण कशी असावी याची यापेक्षा स्पष्ट कल्पना कुठे सापडणार? राजाने वाघ मारला की तो प्रजेचा रक्षक ठरत असे. वाघासारखे बलाढ्य जनावर ज्याच्या पायाशी पडले, त्याच्यापुढे माणसांनीही वाकावे, असा त्याचा दुसरा, न बोललेला अर्थ होता.

इंग्रजांनी हा अर्थ नेमका उचलला. लाला दीनदयाळ हे निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार. हैदराबाद संस्थानात लॉर्ड आणि लेडी कर्झन मारलेल्या वाघाजवळ उभे असल्याचे त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. आमचा जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. १९११ मध्ये पंचम जॉर्ज नेपाळच्या तराईत गेले आणि थोड्या दिवसांत ३९ वाघ मारले गेले. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ऐंशी हजारांहून अधिक वाघ मारले गेले. यातले काही बक्षिसासाठी मारले गेले, कारण सरकारच वाघाच्या मुंडक्यामागे रक्कम देत होते. पण जे साहेबांच्या बंगल्यात गेले ते मिरवण्यासाठीच गेले.

सत्तेला पुढे दुसऱ्या हेतूची, मोजमापाची जोड मिळाली. लंडनच्या रोलंड वॉर्ड यांच्या संस्थेने १८९२ पासून मोठ्या शिकारीच्या विक्रमांची नोंदपुस्तके काढली. शिंगांची लांबी, घेर, वाघाचे नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंतचे माप, सगळे इंचात. एकदा इंच आले की स्पर्धा आली. आता रानातला अनुभव पुरेनासा झाला, आकडा हवासा झाला. आकड्याची ही हाव त्या नोंदपुस्तकांच्याही आधीची आहे. आमच्याच मुलखातले उदाहरण घ्या. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रजाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत अहमदनगर परिसरात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. सोनारीच्या उत्तरेला जामखेडची हद्द लागते, तिथून नगर जिल्हाच सुरू होतो. एकेकाळी या माळांवर हा उंच, भारदस्त पक्षी इतका होता की एका माणसाला ९६१ मारता आले. पुढे १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोकसाठी अभयारण्य झाले. आज देशभरात मिळून दीडशेहूनही कमी माळढोक उरले आहेत, बहुतेक राजस्थानात, आणि त्या अभयारण्यातल्या नान्नजच्या माळावर तो दिसणे हीच बातमी होते.

हा सगळा दोष एका मॅन्सफील्डच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. गवताळ माळ नांगराखाली आले, कालवे आले, ऊस आला, विजेच्या तारा आल्या, भटक्या कुत्र्यांनी अंडी फस्त केली. पण त्या आकड्यामागची मनोवृत्ती पाहण्यासारखी आहे. मारलेला प्रत्येक पक्षी मोजला गेला, आणि उरलेले कोणी मोजले नाहीत. मिरवण्याच्या शिकारीचे सगळ्यांत मोठे आंधळेपण हेच आहे. आपण काय मिळवले याचा हिशेब तिथे काटेकोर असतो, आणि रानाने काय गमावले याची वही कोणी उघडतच नाही.

तिसरा हेतू धाडसाचा. शिकारी म्हणतो की मोठे जनावर आणि माणूस समोरासमोर येतात तेव्हा माणसाची खरी परीक्षा होते. यात तथ्य आहे. जखमी वाघाच्या मागावर पायी जाणे हे येरागबाळ्याचे काम नाही. पण बहुतेक शिकारींची मांडणी अशी असे की साहेब मचाणावर, हातात दुनळी बंदूक. खाली बांधलेले रेडकू. आणि काठ्या, डबडी, ढोल घेऊन रान उठवणारे हाकारे अनवाणी. उठलेला वाघ कोणाच्या अंगावर यायचा? धोक्याचा मोठा वाटा रोजंदारीवर आलेल्या गावकऱ्याचा आणि छायाचित्र साहेबाचे, अशी ही विभागणी होती. धाडसाचा दावा करणाऱ्या प्रत्येक शिकारीला हा एक प्रश्न विचारून पाहावा: धोका कोणी पत्करला आणि नाव कोणाचे झाले?

चौथा हेतू सगळ्यांत गुंतागुंतीचा आहे, आणि तो म्हणजे रानाची ओढ. तो खोटा नाही. सलीम अली यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती, हे विचारायला हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि भारताला थोर पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी बंदूक घेऊन रानात हिंडले, आणि पुढे त्यांनीच नागझिऱ्याच्या रानावर आणि वानरांच्या टोळीवर जे लिहिले ते मराठीचे वैभव झाले. शिकारीने त्यांना पायी चालायला, वाऱ्याची दिशा ओळखायला, माग काढायला, तासन्‌तास गप्प बसायला शिकवले. शिकारी आणि निसर्गअभ्यासक यांची बरीचशी वाट एकच आहे. फरक शेवटच्या क्षणी पडतो. एक जण बंदुकीचा चाप ओढतो, दुसरा दुर्बीण खाली ठेवतो. सोलापुरात जन्मलेल्या मारुती चितमपल्लींनी वनखात्यात उभी हयात घालवली. त्यांच्या लेखनात रानाचे जे ज्ञान आहे त्यातले कितीतरी आदिवासी आणि पारधी माणसांकडून मिळालेले आहे, आणि ती माणसे पिढीजात शिकारीच होती. म्हणून शिकाऱ्याला रानावर प्रेम नसते असे म्हणणारा मुद्दाच गमावतो. त्याला प्रेम असते. पण ज्यावर प्रेम आहे ते आपल्या मालकीचे झालेच पाहिजे, असा हट्ट त्या प्रेमात शिरलेला असतो. नीतीचा प्रश्न तिथून सुरू होतो.

आपल्या परंपरेने हा प्रश्न फार पूर्वी विचारला आहे. महाभारताच्या आदिपर्वात पांडू हरिणरूपातल्या किंदम ऋषींना समागमाच्या वेळी बाण मारतो. ऋषी दोष देतात तेव्हा पांडू म्हणतो, मृगया हा राजांचा धर्मच आहे. किंदमांचे उत्तर मोठे नेमके आहे. तू हरिण मारलेस याला माझा आक्षेप नाही, पण ती वेळ कोणती होती हे तू पाहायला हवे होतेस, असे ते सांगतात. म्हणजे मारण्यालाही मर्यादा आहेत. वनपर्वात याहून विलक्षण प्रसंग येतो. द्वैतवनात पांडवांच्या शिकारीने हरणे जवळजवळ संपतात. उरलेली हरणे युधिष्ठिराच्या स्वप्नात येतात आणि विनवतात की आम्ही आता बियाण्यापुरतेच उरलो आहोत, आम्हाला वाढू द्या. सकाळी उठून युधिष्ठिर भावांना घेऊन ते वन सोडतो. शिकार थांबवण्यासाठी राजाने आपला मुक्काम हलवला! मनूने मृगयेला राजाच्या व्यसनांत गणले. कौटिल्याने तिचे फायदेही मांडले, व्यायाम होतो, जनावरांचे स्वभाव कळतात, असे सांगितले. थोडक्यात, शिकार चांगली की वाईट यावर आपल्या जुन्या ग्रंथांत एकमत नाही, पण तिला लगाम हवा यावर आहे.

आता आजच्या जगाकडे येऊ. जुलै २०१५ मध्ये झिंबाब्वेच्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानालगत सेसिल नावाचा सिंह एका अमेरिकी दंतवैद्याने मारला. ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी त्याच्या गळ्यात पट्टा बसवलेला होता. त्याला आमिष दाखवून उद्यानाबाहेर आणले, आधी बाण मारला आणि कित्येक तासांनी त्याचा जीव गेला. या शिकारीसाठी सुमारे ५० हजार डॉलर मोजल्याच्या बातम्या आल्या. जगभर संताप उसळला. पण त्याच वेळी आफ्रिकेतून दुसरा आवाजही आला. सिंहाच्या शेजारी आम्ही राहतो, आमची गुरे तो नेतो, तुम्ही लांबून त्याला नाव देता आणि त्याच्यासाठी रडता, असे तिथले लोक म्हणाले.

हा आवाज टाळून पुढे जाता येणार नाही. नामिबियाने १९९६ मध्ये कायदा करून गावसमूहांना आपापल्या परिसरातल्या वन्यप्राण्यांपासून उत्पन्न घेण्याचा हक्क दिला, आणि त्यात मर्यादित शिकारीचा पैसाही येतो. पाकिस्तानच्या उत्तरेकडील डोंगरांत मारखोर या पीळदार शिंगांच्या रानबकऱ्याच्या मोजक्या परवान्यांचा दरवर्षी लिलाव होतो. एकेका परवान्याला लाखाहून अधिक डॉलर मिळतात, त्यातले ८० टक्के स्थानिक गावांना जातात, आणि तिथे मारखोरांची संख्या वाढली आहे. बोट्स्वानाने २०१४ मध्ये शिकारबंदी आणली आणि २०१९ मध्ये उठवली. युरोपातून टीका झाली तेव्हा २०२४ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष मासिसी म्हणाले, २० हजार हत्ती जर्मनीला पाठवतो, तुम्ही त्यांच्याबरोबर राहून दाखवा. दुसरीकडे केनियाने १९७७ पासून शिकार पूर्ण बंद ठेवली आहे आणि प्राणी पाहायला येणाऱ्या पर्यटकांवर मदार ठेवली आहे. दोन्ही वाटांनी काही साधले आहे आणि दोन्ही वाटांवर अपयशही आहे. जिथे पैसा गावापर्यंत पोहोचला तिथे शिकारीने प्राणी वाचले. जिथे तो दलाल आणि अधिकाऱ्यांत जिरला तिथे प्राणीही गेले आणि गावही कोरडे राहिले.

तरीही मला या युक्तिवादात दोन गोष्टी खटकतात. पहिली जीवशास्त्रातली आहे. मिरवणाऱ्याला नेहमी सर्वांत मोठा नर हवा असतो. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात राम माउंटन या डोंगरावर रानमेंढ्यांचा कित्येक दशके अभ्यास झाला. मोठ्या शिंगांचे मेंढे सतत मारले गेल्याने पुढच्या पिढ्यांची शिंगेच लहान होत गेली, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. सिंह आणि वाघ यांच्यात तर सत्ताधारी नर गेला की नवा नर येऊन त्याची पिल्ले मारतो. वानरांच्या टोळीतही असेच घडते, हे माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मुळे मराठी वाचकाला ठाऊक आहे. एक गोळी एकाच जनावराला लागते हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

दुसरी गोष्ट नीतीची आहे. गरीब गावाला शाळेसाठी, विहिरीसाठी पैसा हवा असेल तर तो श्रीमंताच्या मारण्याच्या हौसेतून यावा, यापेक्षा चांगली व्यवस्था आपल्याला सुचत नाही का? मदत खरी असली तरी ती एका अटीवर बांधलेली आहे: जनावर मरेल तेव्हाच ते किमती ठरेल. आफ्रिकेतल्या गावांनी नाइलाजाने ही अट मानली तर त्यांना नावे ठेवण्याचा हक्क मला नाही. पण नाइलाजाला आदर्श म्हणू नये एवढे तर म्हणता येते.

आपल्या देशानेही हा प्रयोग केला आहे. स्वातंत्र्यानंतर दोन दशके भारतात परदेशी पाहुण्यांसाठी शिकार-सहली काढणाऱ्या कंपन्या होत्या. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून शिकलेले, पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनीही तरुणपणी ॲल्विन कूपर ही अशीच कंपनी चालवली होती. वाघ डॉलरमध्ये मोजला जात होता. त्यातून वाघ वाढले नाहीत. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि त्या वर्षीच्या गणनेत देशात १,८२७ वाघ निघाले. २०२२ च्या गणनेत तो आकडा ३,६८२ पर्यंत गेला, त्यातले ४४४ महाराष्ट्रात. पगमार्कवरून केलेली मोजणी आणि कॅमेऱ्याने केलेली मोजणी सरळ तोलता येत नाहीत, हे मान्य करूनही दिशा स्पष्ट आहे. टिपेश्वरहून येडशीला आलेला वाघ ही त्या बंदीची फलश्रुती आहे.

पण या कायद्याने एक जुना अन्याय तसाच ठेवला, आणि त्याची वाच्यता शिकारीवरच्या पुस्तकात क्वचितच होते. धाराशिव, सोलापूर, बीड या पट्ट्यातल्या फासेपारध्यांचे पोट फाशांवर चालत होते. तितर, लावे, ससे, कधी काळवीट. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अशा अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची वाट मोकळी केली. तो शिक्का कागदावर १९५२ मध्ये पुसला गेला, लोकांच्या मनातून अजून पुसलेला नाही. राजेलोकांना शिकारीसाठी याच माणसांचे कसब हवे असे. कोल्हापुरात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवत. भारतातला चित्ता संपत आला तेव्हा त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणले गेले. शाहू महाराजांनी फासेपारध्यांना नोकरीत घेऊन मानाने उभे केले, हा त्यातला उजळ भाग. पण १९७२ नंतर काय झाले? ज्यांच्या वाड्यांत वाघांची कातडी आणि गव्यांची मुंडकी होती त्यांनी ती जाहीर केली आणि मालकीचे दाखले मिळवले. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात भुसा भरलेले वाघ, बिबटे, अस्वले शाळेची मुले आजही रांगेने पाहतात. आणि ज्याने दोन तितर पकडले त्या पारध्याची रवानगी कोठडीत झाली. पोटासाठी केलेली शिकार गुन्हा ठरली आणि मिरवण्यासाठी केलेली वारसा ठरली. मारखोराच्या परवान्याचा विचार करताना किंवा सेसिलसाठी हळहळताना आपल्या दारातला हा हिशेबही डोळ्यांसमोर असू द्यावा.

राहिला जीव वाचवण्यासाठी मारण्याचा प्रश्न. कायद्याच्या ११ व्या कलमानुसार माणसाच्या जिवाला धोकादायक झालेले जनावर पकडणे, बेशुद्ध करणे, हलवणे शक्य नसेल तरच मुख्य वन्यजीव रक्षक ते मारण्याची परवानगी देऊ शकतात. करमाळ्याचा बिबट्या अशाच परवानगीने अकलूजच्या डॉ. धवलसिंह मोहिते-पाटील यांच्या गोळीने मेला. त्या दिवसांत करमाळ्यात लोक संध्याकाळी दार उघडायला धजत नव्हते. उसाला पाणी द्यायला रात्री जावे लागते, कारण शेतीची लाईट पुष्कळदा रात्रीच येते. ऊसतोड मजुरांची कुटुंबे फडातल्या कोप्यांत झोपतात. तिथे दारच नसते. त्या बिबट्याला मारले ते बरोबरच झाले असे मी मानतो.

पांढरकवड्याच्या ‘टी-१’ वाघिणीचे, म्हणजे अवनीचे प्रकरण मात्र अजून मनातून जात नाही. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री हैदराबादहून बोलावलेल्या खासगी शिकाऱ्याच्या मुलाने तिला गोळी घातली. तिला सुमारे दहा महिन्यांची दोन पिल्ले होती. शहरांत मोर्चे निघाले, आणि बोराटी-राळेगाव भागातल्या गावांनी आनंद साजरा केला. दोघांनाही समजून घेता येते. ज्याच्या घरातले माणूस गेले त्याने आनंद का मानू नये? पण त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक गोष्ट बजावली होती, आणि माझ्या मते या पुस्तकाचा सगळा विषय तिच्यात सामावला आहे. मारणे भागच पडले तर मारा, पण मारणाऱ्याला बक्षीस देऊ नका, असा तो आदेश होता. मारणे हे कर्तव्य असू शकते, पण तो पराक्रम म्हणून साजरा करायचा नाही. ज्या क्षणी कर्तव्याला हार-तुरे चढतात, त्या क्षणी पुढच्या जनावराला नरभक्षक ठरवण्याची घाई सुरू होते.

पुढची पाने वाचताना वाचकाने प्रत्येक शिकारीला चार प्रश्न विचारावेत, अशी माझी विनंती आहे. हे जनावर मारल्यावाचून चालणारच नव्हते का? धोका कोणी उचलला? फायदा कोणाच्या घरात गेला? आणि त्या रानात मागे काय उरले? पारध्याचा फास, साहेबाचे मचाण, नामिबियाचा परवाना, करमाळ्याची गोळी, यांची उत्तरे वेगवेगळी येतील, आणि तशीच ती यायला हवीत. सगळ्या शिकारींना एकाच तराजूत घालणाऱ्याला कोणतीच कळलेली नसते.

मिरवण्यासाठी जनावर मारू नये, असे माझे ठाम मत आहे. पण हे मत स्वस्त आहे, जोवर त्याची किंमत दुसराच भरतो तोवर. बंदुका खाली ठेवल्यामुळे जे वाघ-बिबटे वाढले ते मुंबई-पुण्यातल्या घरांच्या अंगणात येत नाहीत. ते येडशीच्या गुराख्याकडे, करमाळ्याच्या फडातल्या कोपीकडे येतात. माणूस दगावला तर राज्य सरकार आज २५ लाख रुपये देते. गुरांची भरपाईही ठरलेली आहे. पण मेलेल्या गायीचा पंचनामा, पशुवैद्याचा दाखला, कचेरीच्या खेपा यांत शेतकऱ्याचे दिवस मोडतात. रानडुकरांनी रात्रीत लोळवलेल्या मक्याचे मोल त्याच्या हातात पडेपर्यंत पुढचा हंगाम उजाडतो. अशा माणसाला प्राणिमात्रांवर दया करा असे सांगणे हा उद्धटपणा आहे.

शिकारबंदी हे अर्धे काम होते, आणि ते १९७२ मध्ये झाले. उरलेले अर्धे आपल्याकडे आहे. शेतीला दिवसा वीज, फडात झोपणाऱ्यांना पक्का निवारा, भरपाई त्याच हंगामात हातात, पारध्याच्या मुलाला रानाच्या राखणीत मानाची नोकरी. वाघ जिवंत असावा असे ज्याला ज्याला वाटते त्याने या चार गोष्टींची मागणी तितक्याच जोराने करावी, जितक्या जोराने तो सेसिलसाठी किंवा अवनीसाठी बोलला. तसे झाले तरच भिंतीवरच्या मुंडक्याला नाही म्हणण्याचा आपला अधिकार खरा ठरेल.

सोनारी, ता. परांडा, जि. धाराशिव